वापरलेला स्मार्टफोन घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधरा-वीस हजारांत नवा फोन घ्यावा की वापरलेला भारी फोन?

फोन कोण आणि कशासाठी वापरणार, त्यावर ठरतं. आई-वडिलांसाठी घ्यायचा असेल, किंवा दिवसभर मॅप लावून डिलिव्हरी करायची असेल, तर नवा साधा फोन बरा. त्यात बॅटरी ताजी असते, वॉरंटी असते आणि बिघडला तर सर्व्हिस सेंटर गाठता येतं. कॅमेरा, व्हिडिओ आणि वेग हवा असेल, तर त्याच पैशांत दोन-तीन वर्षांपूर्वीचा वरच्या श्रेणीतला फोन जास्त देतो. हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारा ओआयएस कॅमेरा, दणकट प्रोसेसर आणि वेगवान यूएफएस स्टोरेज पंधरा हजारांच्या नव्या फोनात एकत्र मिळणं कठीण.

एक मर्यादा मात्र पाळा. वापरलेल्या फोनचा भाव त्याच मॉडेलच्या आजच्या नव्या भावाच्या ७० टक्क्यांवर गेला की नवाच घ्या. सेलमध्ये नवा फोन खाली येतो आणि लोक जुन्याच्या भावात अडकून बसतात.

किती जुना फोन चालेल?

फोन किती जुना आहे त्यापेक्षा सिक्युरिटी अपडेट किती दिवस येणार आहेत ते बघा. अपडेट थांबले म्हणून फोन बंद पडत नाही. पण पुढे सापडणाऱ्या त्रुटी तशाच उघड्या राहतात, आणि त्याच फोनवर आपलं यूपीआय असतं.

कंपन्यांनी दिलेल्या मुदती पाहा. सॅमसंग गॅलेक्सी एस२२ फेब्रुवारी २०२२ चा आणि एस२३ फेब्रुवारी २०२३ चा. दोन्हींना पाच वर्षांचे सिक्युरिटी अपडेट, म्हणजे २०२७ आणि २०२८ च्या सुरुवातीपर्यंत. एस२४ पासून ही मुदत सात वर्षांची झाली, म्हणजे तो २०३१ पर्यंत जातो. गूगल पिक्सेल ७ ला ऑक्टोबर २०२७ पर्यंत, तर पिक्सेल ८ ला ऑक्टोबर २०३० पर्यंत अपडेट आहेत. ॲपलच्या बाबतीत मागच्या अनुभवावरून अंदाज बांधावा लागतो: २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ मध्ये आयओएस २६ मिळालं, २०१८ चे एक्सआर आणि एक्सएस त्यातून गळले.

आता साधा भागाकार. समजा एक फोन १२,००० ला मिळतोय आणि त्याचे अपडेट ८ महिन्यांत संपणार आहेत. दुसरा १९,००० चा, त्याला २६ महिने उरलेत. दोघांतही २,५०० ची नवी बॅटरी धरा. पहिला महिन्याला सुमारे १,८०० रुपयांना पडतो, दुसरा सुमारे ८३० ला. स्वस्त वाटणारा फोन दुपटीहून महाग निघाला. भाव करताना हा हिशेब लागतोच, म्हणून तो आधीच करून ठेवा.

बजेटची वाटणी कशी करायची?

हातातले सगळे पैसे फोनवर घालू नका. २०,००० असतील तर फोन १६-१७ हजारांपर्यंत बघा. उरलेल्यात बॅटरी, चांगल्या दर्जाचं चार्जर, कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास. सौदा करण्याआधी त्या मॉडेलच्या बॅटरीचा आणि डिस्प्लेचा दर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. वरच्या श्रेणीतल्या फोनच्या डिस्प्लेचा खर्च सहज पाच आकडी होतो, त्यामुळे कोपऱ्यातल्या बारीकशा तड्याकडे काणाडोळा करणं महागात पडतं.

घ्यायचा कुठून?

ओळखीतला, एकाच मालकाने वापरलेला, बिल आणि बॉक्स असलेला फोन सगळ्यात उत्तम. त्यानंतर वॉरंटी देणाऱ्या रिफर्बिश्ड साइट. तिथे भाव थोडा चढा असतो, पण परत करायची मुदत मिळते, आणि खरे पैसे त्या मुदतीचे असतात. ऑनलाइन जाहिरातीतून थेट मालकाकडून घेतला तर स्वस्त पडतो, पण तपासणी सगळी आपल्या अंगावर.

मुंबईत मनीष मार्केट किंवा पुण्यात तपकीर गल्लीसारख्या बाजारात जात असाल, तर दुकानदाराचा शिक्का, सही आणि आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असलेलं बिल मिळत असेल तरच पैसे काढा. ‘टेस्टिंग वॉरंटी सात दिवस’ हे तोंडी आश्वासन बिलावर लिहून घ्या. लिहायला नकार दिला, तर ते आश्वासन नव्हतंच असं समजा.

‘रिफर्बिश्ड’ म्हणजे नक्की काय?

ठरलेला एकच अर्थ नाही. कंपनीने स्वतः तपासून, मूळ सुटे भाग घालून पुन्हा विकलेला फोनही रिफर्बिश्ड आणि दुकानात पॉलिश करून नवी बॉडी चढवलेला फोनही रिफर्बिश्डच. साइटवरच्या ‘सुपर्ब’, ‘गुड’, ‘फेअर’ या श्रेण्या मुख्यतः बाहेरच्या ओरखड्यांबद्दल बोलतात. ‘फेअर’ फोन घेऊन कव्हर घालणं हा पैसे वाचवायचा चांगला मार्ग आहे, पण बॅटरीची किमान टक्केवारी विक्रेता लिहून देतो का ते वाचा.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे मॉडेल क्रमांकाचं पहिलं अक्षर बघा. एम म्हणजे किरकोळ विक्रीचा नवा, एफ म्हणजे ॲपलने रिफर्बिश केलेला, एन म्हणजे सर्व्हिसमध्ये बदलून दिलेला. एन असणं वाईट नाही. फक्त ‘एकदम नवा, वापरलाच नाही’ ही गोष्ट तेव्हा खोटी ठरते.

फोन चोरीचा नाही हे कसं कळणार?

डायलरमध्ये *#०६# दाबा. पंधरा अंकी आयएमईआय दिसेल, दोन सिमच्या फोनमध्ये दोन दिसतील. तो सेटिंग्जमधल्या, बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी अंकन्अंक ताडून बघा. शेवटचे चार अंक जुळले म्हणून थांबू नका.

मग हा क्रमांक दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर किंवा ॲपवर तपासा. इंटरनेट नसेल तर के, वाय, एम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. दोन्ही आयएमईआय वेगवेगळे तपासायचे. उत्तरात फोन काळ्या यादीत आहे, क्रमांक डुप्लिकेट आहे किंवा आधीपासून वापरात आहे असं आलं तर तिथूनच उठा, भाव कितीही पाडून मिळाला तरी. उत्तरात ब्रँड आणि मॉडेलही येतं. हातात एक मॉडेल आणि नोंदीत दुसरं, म्हणजे क्रमांक बदललेला आहे.

याच्या मागे सीईआयआर ही हरवलेल्या-चोरीच्या फोनची मध्यवर्ती नोंद आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ती महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीसाठी सुरू झाली, मे २०२३ पासून देशभर आहे. पण ती फक्त आजची स्थिती सांगते. काल रात्री चोरीला गेलेल्या फोनची तक्रार अजून झाली नसेल, तर आज तो स्वच्छच दिसणार आणि आठवड्याने तुमच्या हातात बंद पडणार. म्हणून बिल आणि विक्रेत्याचा लेखी कागद लागतोच. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बाजारभावाच्या एक तृतीयांश किमतीत, बिलाशिवाय घेतलेला फोन ‘मला कल्पना नव्हती’ हे म्हणणं अवघड करतो.

फोन लॉक होण्याचे कोणते प्रकार असतात?

तीन, आणि तिन्ही वेगळे.

पहिला खात्याचा. आधीच्या मालकाचं गूगल खातं न काढता रीसेट केलं तर अँड्रॉइड फोन चालू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड किंवा लॉक मागतो. आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ चालू राहिलं तर तसंच. उपाय एकच: मालकाने तुमच्यासमोर खातं काढायचं, फोन रीसेट करायचा, आणि तुम्ही वायफायला जोडून होम स्क्रीनपर्यंत पोचायचं. पैसे त्यानंतर. सॅमसंग आणि शाओमीची स्वतंत्र खातीही असतात, तीही काढून घ्या.

दुसरा हप्त्यांचा, आणि हल्ली यातच लोक जास्त फसतात. फोन ईएमआयवर घेतलेला असेल आणि आधीच्या मालकाचे हप्ते थकले, तर कर्ज देणारी कंपनी तो दूरवरून लॉक करू शकते. रीसेट केल्यानेही हे लॉक जात नाही, इंटरनेट मिळताच परत येतं. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस ॲडमिन ॲप्सची यादी उघडा. अनोळखी फायनान्स किंवा लॉक ॲप दिसलं, किंवा लॉक स्क्रीनवर फोन एखाद्या संस्थेच्या नियंत्रणात असल्याची ओळ दिसली, तर कर्जफेडीचं एनओसी मागा. बिलावर फायनान्स कंपनीचं नाव छापलेलं असेल तरीही मागा.

तिसरा ऑफिसचा. कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेला फोन कंपनीच्याच नियंत्रणात राहतो. आयफोनमध्ये सेटिंग्जच्या अगदी वर ‘सुपरवाइज्ड’ असा उल्लेख दिसतो. असा फोन घेऊच नका.

समोर बसून फोन कसा तपासायचा?

निदान अर्धा तास ठेवा, आणि दिवसा उजेडी भेटा. बरोबर न्यायच्या वस्तू: चालू रिचार्ज असलेलं तुमचं सिम, टाइप-सी किंवा लागू असलेली केबल आणि चार्जर, पॉवर बँक, इअरफोन. विक्रेत्याला कव्हर आणि ग्लास काढायला सांगा. तडे आणि वाकलेली फ्रेम कव्हरखालीच असते.

आधी फोन स्क्रीन खाली करून सपाट टेबलावर ठेवा आणि मध्यभागी हलकं दाबा. डोलला तर फ्रेम वाकली आहे किंवा बॅटरी फुगली आहे. डिस्प्ले आणि फ्रेममधली फट चारही बाजूंनी सारखी हवी. बॅटरी फुगलेली दिसली तर आणखी दाबून पाहायचा मोह टाळा आणि तो फोन चार्जिंगलाही लावू नका.

सिम ट्रे काढून खाचेत टॉर्च मारा. बऱ्याच फोनमध्ये तिथे पाण्याची खूण असते, कोरडी असताना पांढरी, पाणी लागलं की लाल. कोकणात किंवा गोव्यात वापरलेल्या फोनचा चार्जिंग पॉइंटही नीट बघा, खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो. केबल लावून हळूच हलवा. चार्जिंग तुटत-जुळत असेल तर आधी आतला कापसासारखा कचरा काढून बघायला सांगा, बऱ्याचदा दोष तेवढाच असतो. तरी तुटलं तर पॉइंट गेलेला आहे.

सॅमसंगमध्ये *#०*# आणि शाओमीमध्ये *#*#६४८४#*#* दाबलं की टेस्ट मेनू उघडतो. त्यात लाल, हिरवा, निळा रंग, टच, स्पीकर, व्हायब्रेशन आणि सेन्सर एकेक करून तपासता येतात. इतर फोनवर नोट्स ॲप उघडून बोटाने अख्खी स्क्रीन भरा. कुठे रेघ तुटली तर तिथे टच मेला आहे.

नंतर सिम घालून कॉल लावा, आधी कानाला, मग स्पीकरवर. फोन कानाला लावल्यावर स्क्रीन बंद झाली पाहिजे. दुसऱ्या सिमच्या खाचेतही तेच करा. व्हॉइस रेकॉर्डिंग करा आणि व्हिडिओही, कारण दोन्हींचे माइक वेगळे असू शकतात. मॅप उघडून उघड्या जागेत ठिकाण लागतं का बघा. वायफाय, ब्लूटूथ, हॉटस्पॉट, फिंगरप्रिंट हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे, आणि विक्रेता कंटाळलेला दिसला तरी करायचंच.

कॅमेऱ्याचं थोडं सविस्तर. मागच्या सगळ्या लेन्सवर जाऊन एक फोटो जवळच्या छापील मजकुराचा, एक लांबच्या इमारतीचा काढा. मग व्हिडिओ चालू करून हळू चाला. चित्र थरथरत असेल, किंवा फोकस सतत पुढे-मागे होत असेल, तर ओआयएस बिघडलं आहे. बाइकच्या हँडलवर होल्डरमध्ये लावून फिरवलेल्या फोनमध्ये हा दोष येतो. इंजिनाच्या कंपनांनी कॅमेरा खराब होऊ शकतो, असा इशारा ॲपलनेही २०२१ मध्ये दिला होता. विक्रेत्याला सहज विचारा, ‘बाइकला लावत होता का?’

डिस्प्ले बदललेला आहे हे कसं ओळखायचं?

डिस्प्ले बदललेला असणं हा दोष नाही, पण कॉपी बसवलेली असेल तर भाव पडला पाहिजे. मूळ ॲमोलेड पॅनेलऐवजी स्वस्तात एलसीडीचा कॉम्बो, म्हणजे काच आणि पॅनेलचा जोडलेला भाग, घालतात. फोन सावलीत न्या, पूर्ण काळा फोटो उघडा आणि ब्राइटनेस वाढवा. ॲमोलेडवर काळा म्हणजे दिवा बंद. एलसीडी राखाडी उजळते. स्क्रीनखाली ऑप्टिकल फिंगरप्रिंट असलेल्या मॉडेलमध्ये एलसीडी बसवली की तो चालतच नाही, त्यामुळे ‘फिंगरप्रिंट थोडा प्रॉब्लेम देतो’ हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. स्क्रीनखालची काळी पट्टी कंपनीच्या फोटोतल्या मूळ फोनपेक्षा जाड दिसणं ही आणखी एक खूण.

आयफोन १२ पासून पुढे अबाउटमध्येच बॅटरी, डिस्प्ले किंवा कॅमेरा बदलल्याची नोंद दिसते आणि भाग मूळ आहे की अनोळखी तेही कळतं. नोंद नसेल तर तो विभागच दिसत नाही.

मूळ ॲमोलेड असेल तरी पूर्ण करड्या रंगाची प्रतिमा उघडून कीबोर्डच्या किंवा खालच्या बटणांच्या जुन्या सावल्या उमटल्यात का पाहा. बारीक हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ दिसत असेल तर ती पुढे वाढतच जाते.

बॅटरी किती टक्के असावी?

आयफोनमध्ये बॅटरी हेल्थ ८५ च्या वर असेल तर वर्षभर निभावतं, ८० च्या खाली बदलायचा खर्च धरून भाव करा. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० चार्जिंग चक्रांनंतर (एकूण १०० टक्के बॅटरी वापरली की एक चक्र) ८० टक्के राहतील अशा बनवलेल्या आहेत, १५ पासून १,००० चक्रं. तीन वर्षं जुना आयफोन १०० टक्के दाखवत असेल आणि सुटे भाग बदलल्याची नोंद नसेल, तर आनंद होण्याऐवजी शंका यावी. जुन्या बॅटरीची चिप नव्या सेलला जोडून किंवा आकडा प्रोग्रॅम करून असं दाखवणारे कारागीर आहेत.

अँड्रॉइडमध्ये सॅमसंगच्या मेंबर्स ॲपमध्ये बॅटरीची स्थिती कळते, पिक्सेलच्या नव्या मॉडेलमध्ये अबाउटमध्ये चक्रांची संख्या दिसते. काहीच दिसत नसेल तर ब्राइटनेस पूर्ण करून पंधरा मिनिटं व्हिडिओ रेकॉर्ड करा. १० टक्क्यांहून जास्त उतरली, किंवा आकडा ३४ वरून एकदम २५ वर आला, तर बॅटरी संपत आली आहे.

मॉडेलचा इतिहासही वाचा. पिक्सेल ६ए स्वस्तात मिळतो, त्याचे अपडेट जुलै २०२७ पर्यंत आहेत, म्हणून भुरळ पडते. पण बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे गूगलने २०२५ मध्ये सक्तीचं अपडेट देऊन यातल्या काही फोनमध्ये ४०० चक्रांनंतर तिची क्षमता आणि चार्जिंगचा वेग कमी केला. बॅटरी बदलल्याचा पुरावा असेल तरच तो घ्या.

५जी चालेल ना?

बॉक्सवर ५जी लिहिलंय तेवढ्यावर जाऊ नका. जिओचं ५जी स्वतंत्र, म्हणजे एसए पद्धतीचं आहे आणि एन२८ व एन७८ बँडवर, म्हणजे लहरींच्या ठरावीक पट्ट्यांवर चालतं. एअरटेलने ४जीच्या आधाराने, म्हणजे एनएसए पद्धतीने सुरुवात केली. २०२०-२१ च्या काही स्वस्त ५जी फोनमध्ये फक्त एन७८ आहे. जिओचं सिम असेल तर एन२८ आहे का बघा, इमारतीच्या आत तोच बँड जास्त पोचतो. भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, त्याआधीच्या फोनना अपडेट लागतो. आयफोन १२ वर ते आयओएस १६.२ नंतरच दिसतं. खात्रीचा मार्ग: स्वतःचं सिम घाला.

दुबई-अमेरिकेहून आणलेला फोन घेऊ का?

अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम. शिवाय तिकडे एखाद्या ऑपरेटरशी बांधलेला फोन इथे चालणारच नाही. सेटिंग्जमध्ये कॅरिअर लॉकसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं हवं. जपानच्या काही फोनमध्ये कॅमेऱ्याच्या शटरचा आवाज बंद होत नाही, हेही अनेकांना घरी आल्यावर कळतं.

स्टोरेज किती घ्यावं?

१२८ जीबीच्या खाली उतरू नका, रॅम ६ जीबी तरी हवी. ६४ जीबीमध्ये सिस्टिम आणि व्हॉट्सॲपच अर्धी जागा खातात, आणि स्टोरेज काठोकाठ भरलं की फोन हँग होतो. नकली फोनमध्ये आकडा खोटा दाखवतात, म्हणून प्रोसेसर आणि मॉडेल डिव्हाइसची माहिती देणाऱ्या ॲपमध्ये ताडून बघा.

रूट केलेला किंवा बूटलोडर उघडलेला फोन?

सोडून द्या. रूट म्हणजे कंपनीचे अडथळे काढून सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवणं, आणि बूटलोडर म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, ज्याचं कुलूप त्यासाठी उघडतात. बँकेची ॲप चालायला नकार देतात, ओटीटीवर चित्र हलक्या दर्जाचं येतं. सॅमसंगमध्ये यामुळे नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज एकदा उडाला की सॉफ्टवेअर पूर्ववत केलं तरी तो परत येत नाही.

वॉटरप्रूफ आहे म्हणतात, खरं का?

एकदा उघडलेल्या फोनचं आयपी६८ हे पाणी-धूळ रोखण्याचं मानांकन फक्त बॉक्सवर उरतं. कडेचा चिकट सील बदलला नाही तर पाणी आत जातं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवा.

व्यवहाराचा कागद कसा करायचा?

मूळ बिल घ्या. शिवाय साध्या कागदावर विक्रेत्याचं नाव, पत्ता, फोनचं मॉडेल, दोन्ही आयएमईआय, किंमत, तारीख आणि ‘हा फोन माझ्या मालकीचा असून त्यावर कोणतंही कर्ज नाही’ हे वाक्य, खाली दोघांच्या सह्या. ओळखपत्र म्हणून मास्क्ड आधार पुरतं, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. पैसे रोख न देता यूपीआयने द्या, म्हणजे नाव आणि वेळेचा पुरावा राहतो.

जाहिरातीत फोन बघितल्याशिवाय ‘टोकन’ किंवा कुरिअर खर्च पाठवू नका. सैन्यात आहे, बदली झाली, म्हणून स्वस्तात देतोय, ही जुनी युक्ती अजून चालते. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

नवा फोन आल्यावर यूपीआय आणि व्हॉट्सॲप कसं हलवायचं?

जुना फोन आठवडाभर हातचा सोडू नका. यूपीआय नोंदणीसाठी बँकेतल्या नंबरचं सिम नव्या फोनात हवं आणि त्यावर बाहेर जाणारा एसएमएस चालू हवा. नोंदणी अडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रिचार्ज संपलेला किंवा चुकीचं सिम निवडलेलं. नोंदणीनंतर अँड्रॉइडवर पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादा असते, म्हणून भाड्याच्या किंवा फीच्या दिवशी फोन बदलू नका.

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप गूगल बॅकअपने येतं, तो आता तुमच्या १५ जीबीतच मोजला जातो. अँड्रॉइडवरून आयफोनवर जायचं असेल तर ‘मूव्ह टू आयओएस’ हे आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच करावं लागतं. नंतर आठवलं तर पुन्हा रीसेट. ऑथेंटिकेटर ॲपमधले कोड स्वतंत्रपणे हलवा, जुना फोन पुसल्यावर ते परत मिळवताना नाकीनऊ येतात.

जुना फोन विकताना काय करायचं?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी बॅकअप, मग यूपीआय आणि बँक ॲपची नोंदणी काढणं, ई-सिम हलवणं, गूगल किंवा ॲपल खातं काढणं, मेमरी कार्ड आणि सिम बाहेर, आणि शेवटी फॅक्टरी रीसेट. आधी रीसेट केलं तर घेणारा लॉकवर अडकेल आणि रात्री तुम्हाला फोन करेल. एक्सचेंजमध्ये देणार असाल तर घरी येणारा माणूस ओरखडे दाखवून भाव पाडणार हे गृहीत धरा. तोच फोन बाहेर कितीला जातो ते आधी बघून ठेवा. विकल्याचा कागद तुम्हीही ठेवा, कारण त्या आयएमईआयच्या मूळ बिलावर अजून तुमचंच नाव आहे.